व्हानुआतूचे 52 खासदार आणि आपला पक्षांतरबंदीचा सल्ला

दक्षिण प्रशांत महासागरात ऐंशीहून अधिक बेटांवर पसरलेल्या आणि सुमारे तीन लाख वस्तीच्या व्हानुआतू या देशात 2023 या एकाच वर्षात तीन पंतप्रधानांनी कारभार पाहिला. पुढच्या वर्षी, 29 मे 2024 रोजी, तिथल्या मतदारांनी देशाच्या इतिहासातील पहिल्या सार्वमतात खासदारांच्या पक्षांतराला घटनात्मक लगाम घालण्याच्या बाजूने कौल दिला. त्याला सहा महिनेही होत नाहीत तोच संसद मुदतीआधी बरखास्त झाली. 17 डिसेंबरला राजधानी पोर्ट व्हिला 7.3 तीव्रतेच्या भूकंपाने हादरली आणि ढिगारे पुरते उपसून होण्याआधीच, 16 जानेवारी 2025 रोजी, लोक मतदानाच्या रांगेत उभे राहिले. या घडामोडींवरची चर्चा प्रशांत महासागरातील प्रसारमाध्यमांत आणि थोडीफार आपल्याकडेही झाली, पण ती फार उथळपणे झाली असे माझे मत आहे. एक बाजू म्हणते की या चिमुकल्या देशांचे खासदार विकाऊच असतात, तेव्हा त्यांना बांधून ठेवण्यावाचून इलाज नाही. दुसरी बाजू म्हणते की ही पाश्चात्त्य लोकशाहीच त्या बेटांना मानवणारी नाही. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दोष माणसांचा आहे. माझे म्हणणे असे की दोष प्रामुख्याने निवडणुकीच्या पद्धतीचा आणि सत्तापदांच्या वाटपाचा आहे. खासदाराची जागा पक्षप्रमुखाच्या मुठीत दिल्याने तो दोष जात नाही, उलट प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातला सरळ धागा तुटतो. चाळीस वर्षे असाच कायदा वापरलेल्या देशाचे, त्यातही महाराष्ट्राचे आणि गोव्याचे नागरिक म्हणून हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा जास्त आहे.

सार्वमताने नेमके काय बदलले ते आधी पाहू. राज्यघटनेत 17अ आणि 17ब अशी दोन कलमे घालायची होती. पहिल्यानुसार जो खासदार आपल्या पक्षाचा राजीनामा देईल, किंवा ज्याला पक्ष काढून टाकेल, त्याची संसदेतील जागा रिकामी होते. दुसऱ्यानुसार अपक्ष म्हणून किंवा पक्षाचा एकमेव सदस्य म्हणून निवडून आलेल्याने निवडणुकीनंतर तीन महिन्यांत एखाद्या मोठ्या पक्षाशी संलग्न झाले पाहिजे. दोन्ही प्रश्नांना स्पष्ट बहुमताने होकार मिळाला. आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाची, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याची, आठवण यावी असाच हा मजकूर आहे. मात्र ‘पक्षाने काढून टाकले तरी जागा जाते’ ही तरतूद आपल्याही परिशिष्टात अशा उघड शब्दांत नाही.

या सुधारणेच्या समर्थकांचे म्हणणे हलके नाही आणि ते हलके मानून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वारंवार सरकारे बदलण्याची किंमत तिथला सामान्य माणूस मोजतो. मार्च 2023 मध्ये ज्युडी आणि केव्हिन ही दोन चक्रीवादळे काही दिवसांच्या अंतराने आदळली. घरे, शाळा, बागा पुन्हा उभ्या करायच्या त्या वर्षी ऑगस्टमध्ये अविश्वास प्रस्तावाच्या बाजूने 26 मते पडली, आणि 52 जणांच्या संसदेत 26 हे बहुमत की 27 हे ठरवायला प्रकरण न्यायालयात गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला पंतप्रधान इश्माएल काल्साकाउ पायउतार झाले आणि सातो किल्मन आले. ऑक्टोबरमध्ये तेही गेले आणि शार्लो साल्वाई आले. मे 2024 मध्ये सरकारी मालकीची एअर व्हानुआतू ही विमान कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि बेटाबेटांमधली ये-जा कोलमडली. अशा देशात मंत्री दर काही महिन्यांनी बदलत असेल तर खात्याची फाइल कोण वाचणार? शिवाय नैतिक मुद्दाही आहे. एका चिन्हावर मते मागायची आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचे, ही मतदाराची फसवणूक नाही का? आहेच. आणि लोकांनी स्वतः मतपेटीतून दिलेला निर्णय दूरवर बसून चुकीचा ठरवणारे आपण कोण, हा प्रश्नही रास्त आहे.

तरीही या सर्व रास्त मुद्द्यांतून कायद्याचा हा विशिष्ट इलाज निघतो का, हे तपासावेच लागते.

सर्वांत आधी विकाऊपणाचा आरोप घेऊ, कारण चर्चेत तोच सर्वाधिक उगाळला जातो. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये व्हानुआतूच्या सर्वोच्च न्यायालयाने 14 खासदारांना लाचखोरीबद्दल दोषी ठरवले. 52 पैकी 14 म्हणजे संसदेचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग. निकालाच्या वेळी उपपंतप्रधान असलेल्या मोआना कार्कासेस कालोसिल या नेत्याने सहकाऱ्यांना प्रत्येकी दहा लाख वातू (तिथले चलन) दिले होते आणि हे पैसे सरकार पाडण्यासाठीच्या पाठिंब्याशी जोडलेले होते, असे खटल्यात सिद्ध झाले. निकाल 9 तारखेला लागला. राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल त्या वेळी देशाबाहेर होते आणि घटनेप्रमाणे संसदेचे अध्यक्ष मार्सेलिनो पिपिते हंगामी राष्ट्राध्यक्ष होते. दोषी ठरलेल्या चौदांत पिपिते स्वतः होते. शिक्षा सुनावली जाण्याआधीच त्यांनी राष्ट्राध्यक्षांचा माफीचा अधिकार वापरून स्वतःला आणि इतर तेरा जणांना माफी देऊन टाकली. लॉन्सडेल परतले आणि आठवड्याभरात त्यांनी ती माफी रद्द केली. 22 तारखेला शिक्षा सुनावल्या गेल्या. कार्कासेस यांना चार वर्षांची कैद झाली आणि त्यांच्याबरोबर माजी पंतप्रधान सर्ज व्होहोर यांच्यासारखे बडे नेतेही तुरुंगात गेले. जगातल्या किती मोठ्या लोकशाह्यांनी सत्तेतल्या उपपंतप्रधानाला आणि संसदेच्या अध्यक्षाला लाच घेतल्या-दिल्याबद्दल एकाच निकालात तुरुंगात धाडले आहे? आपल्या देशात आमदारांच्या खरेदीविक्रीचे आरोप दर दोन-तीन वर्षांनी होतात. त्यांतल्या किती प्रकरणांत कोणी गजाआड गेले, हे आठवून पाहावे. ज्या देशाच्या न्यायालयांनी हे करून दाखवले, त्या देशातले सगळेच राजकारण सडलेले आहे असे म्हणणे हा त्या न्यायाधीशांवर आणि त्या राष्ट्राध्यक्षावर अन्याय आहे.

या प्रकरणानंतर जे घडले ते तर चर्चेत येतच नाही. जानेवारी 2016 मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली, साल्वाई पंतप्रधान झाले आणि 2020 पर्यंतची चार वर्षे त्यांनी पूर्ण केली. तेव्हा 17अ नव्हते, 17ब नव्हते. लाच देणारा आणि घेणारा तुरुंगात जातो एवढा एकच धडा ताजा होता. याच साल्वाईंवर पुढे, सरकार टिकवण्यासाठी खासदारांना संसदीय सचिवपदे देऊ केल्याचा खटला झाला, हेही सांगायला हवे. लाचखोरीच्या आरोपातून ते सुटले, पण खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले. पैशाचा बाजार बंद झाला तेव्हा पदांचा बाजार पुढे आला, असाच त्याचा अर्थ होतो. रोगाचे मूळ पदांमध्ये आहे.

पदांना इतकी किंमत का येते हे समजण्यासाठी तिथला खासदार कसा निवडून येतो ते पाहिले पाहिजे. व्हानुआतूत मोठ्या मतदारसंघांतून एकदम अनेक खासदार निवडले जातात, कुठे पाच, कुठे सहा-सात. मतदाराला मात्र मत एकच. सर्वाधिक मते मिळवणारे पहिले सहा-सात जण निवडून येतात आणि एका उमेदवाराची जादा मते त्याच पक्षाच्या दुसऱ्याकडे वळत नाहीत. याचा परिणाम काय होतो? पक्षाने एका मतदारसंघात चार उमेदवार दिले तर ते चौघे एकमेकांचीच मते खातात. म्हणून पक्ष थोडेच उमेदवार देतो. ज्याला उमेदवारी मिळत नाही तो अपक्ष उभा राहतो किंवा चार माणसे जमवून नवा पक्ष काढतो, आणि थोड्याशा मतांवर निवडूनही येतो, कारण सहाव्या-सातव्या जागेसाठी आपले बेट, आपले चर्च, आपली भावकी आणि आपल्या बोलीची माणसे पुरेशी असतात. शंभराहून अधिक बोली असलेल्या देशात हे अगदी स्वाभाविक आहे. निवडून आल्यावर लोक त्याच्याकडे धोरण मागत नाहीत. मुलाची शाळेची फी, गावाच्या दवाखान्याचे छप्पर, आजाऱ्याला राजधानीत आणायचे बोटीचे भाडे, मयताचा खर्च, या गोष्टी मागतात, कारण सरकारचा दुसरा कोणताच हात त्या बेटापर्यंत पोहोचत नाही. विरोधी बाकावर बसलेल्या खासदाराला यातले फार थोडे देता येते. घटनेप्रमाणे मंत्र्यांची संख्या संसदेच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही, म्हणजे पंतप्रधानांसह तेरा. डझनभर पक्षांची मोळी बांधून 27 चा आकडा गाठायचा आणि तेरा खुर्च्यांवर सगळ्यांचे समाधान करायचे, हे गणित सुटणारे नाही. उरलेले चौदा जण दुसऱ्या दिवसापासून पुढच्या मोळीचा विचार करू लागतात, आणि अविश्वास प्रस्तावाला एक षष्ठांश सदस्यांच्या सह्या आणि आठवड्याची नोटीस पुरते. या रचनेत उद्या कोणत्याही देशातली सज्जन माणसे नेऊन बसवली तरी याहून फार वेगळे घडेल असे मला वाटत नाही.

अशा मतदारसंघात ‘चिन्हावर निवडून आला, मग पक्ष सोडणे ही मतदाराची फसवणूक’ हा युक्तिवाद निम्म्याने लंगडा पडतो. मत माणसाला दिलेले असते. चिन्ह पुष्कळदा निवडणुकीपुरते असते. आणि 17अ व 17ब एकत्र वाचले की त्यातली खरी अडचण लक्षात येते. समजा, एका बेटाच्या लोकांनी सर्व पक्ष नाकारून जाणीवपूर्वक अपक्ष माणूस निवडला. तीन महिन्यांत त्याला एखाद्या मोठ्या पक्षात जावे लागेल, म्हणजे ज्यांना मतदारांनी नाकारले त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी. पुढे त्याने त्या पक्षाच्या नेत्याला विरोध केला तर नेता त्याला काढून टाकू शकतो आणि मग जागाही जाते. लोकांनी ज्या पक्षाला मतच दिले नाही, त्या पक्षाच्या निर्णयाने लोकांचा प्रतिनिधी घरी जातो. पोटनिवडणुकीत तो पुन्हा उभा राहू शकतो, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण ती लढवण्याची भीती हीच तर गप्प बसवायला पुरेशी असते.

काढून टाकण्याच्या अधिकाराची ही भीती काल्पनिक नाही, ती व्हानुआतूच्याच इतिहासात लिहिलेली आहे. 30 जुलै 1980 रोजी, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त अमलातून देश स्वतंत्र झाला तेव्हा वॉल्टर लिनी यांचा वानुआकू पाती हा पक्ष विलक्षण मजबूत होता. खेडोपाडी शाखा, स्पष्ट विचार, स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई असे सगळे त्याच्याकडे होते. लिनी अकरा वर्षे पंतप्रधान राहिले. आज ज्या स्थैर्याची आठवण काढली जाते ते हेच. पण 1988 मध्ये त्यांचे जुने सहकारी बराक सोपे यांच्याशी त्यांचे बिनसले. सोपे आणि साथीदारांना पक्षातून काढण्यात आले आणि पाठोपाठ त्यांची संसदेतील सदस्यत्वेही काढून घेण्यात आली. न्यायालयाने ती परत दिली. तोवर विरोधकांच्या बहिष्कारामुळे त्यांच्याही जागा रिकाम्या ठरवल्या गेल्या होत्या. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष आती जॉर्ज सोकोमानू यांनी संसद बरखास्त केल्याचे जाहीर करून सोपे यांना हंगामी पंतप्रधानपदाची शपथ दिली, तेव्हा लिनी सरकारने राष्ट्राध्यक्षांसह सर्वांना अटक केली. त्यांना झालेल्या शिक्षा पुढे 1989 मध्ये अपिलात रद्द झाल्या. 1991 मध्ये लिनींना त्यांच्याच पक्षाने दूर केले, त्यांनी वेगळा पक्ष काढला, आणि तिथून पक्षांची जी शकले होत गेली ती आजवर थांबलेली नाहीत. म्हणजे ज्या विघटनावर इलाज म्हणून आज पक्षनेत्याला हकालपट्टीचे शस्त्र दिले जात आहे, त्या विघटनाची सुरुवातच हकालपट्टीने झाली होती. हा धडा विसरून कोणता कायदा टिकणार आहे?

सामोआचे ताजे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे पक्ष बदलणाऱ्या खासदाराची जागा जाण्याची तरतूद बरीच आधीपासून आहे. 2021 च्या निवडणुकीत जुना सत्ताधारी पक्ष आणि नवा ‘फास्ट’ पक्ष 25-25 वर अडकले. एका अपक्षाने फास्टला साथ दिली आणि फिआमे नाओमी मताआफा यांना, संसदेच्या दाराला कुलूप असल्याने, 24 मे रोजी बाहेर उभारलेल्या मांडवात शपथ घ्यावी लागली. जुलैमध्ये न्यायालयाने त्यांचे सरकार वैध ठरवले. त्या देशातल्या पहिल्या महिला पंतप्रधान. जानेवारी 2025 मध्ये पक्षाचे अध्यक्ष लाआउली श्मिट यांच्यावर गुन्हा दाखल झाल्यावर फिआमे यांनी त्यांना मंत्रिमंडळातून दूर केले, आणि पक्षाने चक्क पंतप्रधानांनाच पक्षातून काढले. त्यांची खासदारकी गेली नाही, त्यांनी लागोपाठ दोन अविश्वास प्रस्ताव परतवले, पुढे अर्थसंकल्प फेटाळला गेल्यावर निवडणुकीला सामोऱ्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये हरल्या. हरवले ते मतदारांनी, आणि ते योग्यच झाले. आता व्हानुआतूचे 17अ त्या प्रसंगाला लावून पाहा. आरोपी झालेल्या मंत्र्याला दूर करणाऱ्या पंतप्रधानाची जागा त्याच मंत्र्याच्या पक्षाच्या एका ठरावाने रिकामी झाली असती. कर्तव्य बजावणाऱ्याला शिक्षा आणि पक्षयंत्रणा हाती असणाऱ्याला सत्ता, असा तो कायदा ठरला असता.

आता आपल्या अनुभवाकडे येतो. 1967 मध्ये हरयाणाच्या गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतराच्या प्रश्नावर समिती नेमली गेली आणि तिने 1969 मध्ये अहवाल दिला. पक्षांतर केलेल्या ज्या 210 आमदारांचा समितीने विचार केला, त्यांतले 116 जण पक्षांतरातून बनलेल्या सरकारांत मंत्री झाले होते. निदान इतके स्वच्छ होते. समितीने सुचवलेले उपायही त्याला धरून होते: पक्ष बदलणाऱ्याला ठरावीक काळ किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद देऊ नये आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा घालावी. चव्हाणांच्या समितीने दाखवलेली ही वाट सोडून 1985 मध्ये आपण सदस्यत्वच रद्द करणारा कायदा केला. मंत्रिमंडळाची 15 टक्क्यांची मर्यादा यायला 2003 उजाडले. मधल्या काळात काय झाले ते गोव्याने दाखवले. 40 आमदारांची विधानसभा, म्हणजे आकाराने व्हानुआतूच्या संसदेची धाकटी बहीणच. पक्षांतरबंदी कायदा लागू असताना 1990 ते 2000 या दशकात तिथे मुख्यमंत्रिपदाची शपथ दहापेक्षा अधिक वेळा घेतली गेली. कायद्याने एकट्याने फुटायला बंदी केली, तर लोक गटाने फुटू लागले. फुटीची सवलत काढून घेतल्यावर दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उरली. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले. त्या अनुभवानंतर 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन एकनिष्ठतेची शपथ दिली. सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 जण गेले.

महाराष्ट्राबद्दल वाचकांना वेगळे सांगायला नको. जून 2022 मधील शिवसेनेतील फूट आणि जुलै 2023 मधील राष्ट्रवादीतील फूट या दोन्हींत कोणी ‘पक्ष सोडला’ असे म्हणालेच नाही. आम्हीच मूळ पक्ष, असे दोन्हीकडून सांगितले गेले. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला, आणि अध्यक्षांनी जानेवारी व फेब्रुवारी 2024 मध्ये दोन्ही पक्षांच्या कोणत्याही गटातील एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. कोणता गट खरा हा वाद मी इथे उकरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पक्षांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याच्या छत्राखाली राज्यातले दोन मोठे पक्ष दुभंगले, सरकार बदलले, आणि कायद्याने एकाही आमदाराची जागा घेतली नाही. आणि एरवी, फूट नसतानाच्या दिवसांत, हाच कायदा काय करतो? आपल्या भागातल्या धरणाच्या, दुष्काळाच्या किंवा जमीन संपादनाच्या प्रश्नावर पक्षादेशाविरुद्ध मत देऊ पाहणाऱ्या आमदाराला गप्प बसवतो. बड्या फुटीला वाट आणि एकट्या विवेकाला अटकाव, हे आपल्या चाळीस वर्षांचे फलित आहे. ते आपण कोणाला आदर्श म्हणून कसे द्यावे?

पापुआ न्यू गिनीचा दाखला समर्थक हमखास देतात आणि त्यात तथ्य आहे. 2001 च्या पक्षनिष्ठेच्या कायद्यानंतर मायकेल सोमारे यांनी 2002 ते 2007 असा पूर्ण कार्यकाळ पार पाडला. स्वातंत्र्यानंतर तिथे प्रथमच असे झाले. पण 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली कळीची कलमे घटनाबाह्य ठरवली, कारण खासदाराने पंतप्रधानाची निवड आणि अविश्वास प्रस्ताव यांवर कसे मत द्यावे हे पक्षाने बांधून देणे त्याच्या घटनादत्त स्वातंत्र्याशी विसंगत होते. दाबून धरलेली नाराजी पुढच्याच वर्षी उफाळली. सोमारे परदेशात आजारी असताना संसदेने पंतप्रधानपद रिकामे ठरवून पीटर ओनील यांना निवडले, न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, आणि देशात काही काळ दोन पंतप्रधान दावा सांगत राहिले. पाच वर्षांचे स्थैर्य मिळाले हे खरे, पण त्याची किंमत नंतर एकरकमी मोजावी लागली.

आणि स्थैर्य म्हणजे तरी काय? 2019 मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची कल्पना मांडली आणि व्हानुआतूने ती उचलली. बॉब लॉफमन पंतप्रधान असताना मोहीम जाहीर झाली. काल्साकाउ यांच्या काळात, 29 मार्च 2023 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव मंजूर केला. डिसेंबर 2024 मध्ये हेगला सुनावणी झाली तेव्हा मायदेशी संसदच बरखास्त होती. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने मत दिले तेव्हा जोथम नापाट पंतप्रधान होते. या सहा वर्षांत खुर्चीवरची माणसे कितीदा बदलली, पण भूमिका एकदाही बदलली नाही. हवामानबदलाला सर्वांत कमी जबाबदार असलेल्या देशांपैकी एकाने सर्व बड्या राष्ट्रांना कायद्याच्या कक्षेत आणले ते याच ‘अस्थिर’ संसदेच्या जोरावर. याचा अर्थ सरकारे पडत राहिली तरी चालेल असा मी काढत नाही. पण ज्या प्रश्नावर समाजाचे एकमत आहे तिथे धोरण टिकते आणि जिथे खात्यांच्या वाटणीशिवाय दुसरे काही पणाला नाही तिथे सरकार टिकत नाही, हे या उदाहरणातून उघड दिसते.

शेजारच्या तुवालूत तर राजकीय पक्षच नाहीत. 16 खासदार, सगळे व्यक्ती म्हणून निवडलेले. तिथे 2010 मध्ये एक सरकार तीन महिन्यांत पडले, 2013 मध्ये गव्हर्नर जनरलना पंतप्रधानाला दूर करावे लागले, हे खरे. पण त्यानंतर एनेले सोपोआगा यांनी सहा वर्षे आणि कौसेआ नतानो यांनी चार वर्षे सलग कारभार केला. बांधून ठेवायला पक्षच नसलेल्या संसदेत हे कसे झाले? नाउरूत 2010 मध्ये 18 खासदार नऊ-नऊ असे अडकले, दोनदा निवडणुका होऊनही कोंडी महिनोन्‌महिने फुटली नाही. नाउरूने कोणावर निष्ठेची सक्ती केली नाही. पुढच्या निवडणुकीपासून जागा 19 केल्या. रचनेतला दोष रचनेत दुरुस्त केला.

व्हानुआतूलाही हाच मार्ग आहे. मतदारसंघ लहान करावेत किंवा मतदाराला पसंतीक्रम देता येईल अशी पद्धत आणावी, म्हणजे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांचे शत्रू होणार नाहीत आणि तुकड्यांना बक्षीस मिळणार नाही. बाजू बदलणाऱ्याला उरलेल्या कार्यकाळात मंत्रिपद किंवा कोणतेही पगारी पद मिळू नये, चव्हाण समितीने सुचवले होते त्या धर्तीवर. त्याचे मत त्याच्याकडे राहील, त्या मताचा मोबदला मात्र राहणार नाही. अविश्वास प्रस्तावात पर्यायी पंतप्रधानाचे नाव असणे बंधनकारक करावे. आणि 17अ मधून हकालपट्टीचा भाग वगळावा. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याने पुन्हा मतदारांसमोर जावे, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या कोणाच्या तरी ठरावाने त्याची जागा जाऊ नये.

लोकांनी दिलेला कौल बदलण्याचा अधिकार पुन्हा लोकांचाच आहे, हा सुरुवातीचा आक्षेप मी इथे पूर्णपणे स्वीकारतो. व्हानुआतूच्या घटनेप्रमाणे संसदीय व्यवस्थेतला आणि निवडणूक पद्धतीतला बदल सार्वमताशिवाय अमलात येऊ शकत नाही. सध्याच्या संसदेने मुदत पूर्ण केली तर पुढची सार्वत्रिक निवडणूक 2029 च्या सुरुवातीला होईल. तोवर 17अ ची झळ कोणाला आणि कशी बसली हेही लोकांना दिसलेले असेल. मे 2024 मध्ये मतदारांना विचारलेले दोन्ही प्रश्न खासदारांना बांधण्याविषयीचे होते. त्या निवडणुकीच्या दिवशीच, वेगळ्या मतपत्रिकेवर, मतमोजणीची पद्धत बदलावी का आणि हकालपट्टीने जागा जाण्याची तरतूद ठेवावी का, हे दोन प्रश्न त्यांच्यासमोर ठेवता येतील.